एका शिलिंगाची बैठक

दिवाळीच्या दिवसांत अंधाराचे नावसुद्धा काढू नये, असा आमच्या आजीचा दंडक होता. पण वाचकहो, तुमच्या अंगणात पणत्या तेवत असताना मी आज तुम्हाला एका अंधाऱ्या शहरात नेणार आहे. त्याला कारण घडले ते असे.

आमच्या गावात एक लहानसे संगीत मंडळ आहे. हिवाळ्यात चार बैठका करायच्या आणि सभासदांच्या वर्गणीतून कलावंतांची बिदागी भागवायची, एवढाच त्याचा संसार. मी शाळामास्तर, अक्षर बरे म्हणून चिटणिसाचे काम माझ्याकडे आले. यंदा श्रावणात कार्यकारिणी बसली, तेव्हा खजिनदारांनी वही उघडली. गेल्या हंगामातल्या शेवटच्या बैठकीला श्रोते सत्तावीस; त्यांत तबलजींची दोन मुले धरलेली!

“यंदाची पत्रिका छापायची तरी कशाला?” त्यांनी विचारले.

कोणी बोलेना. तबलजी मान खाली घालून बसले होते. २०२० साली साथीपायी बैठका बंद पडल्या, तेव्हा या गृहस्थांनी हातगाडीवर भाजी विकून घर चालवले, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. अशा वेळी मला लंडनची एक हकीकत आठवली. माझे इंग्रजी बेताचेच. पण ही हकीकत मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेली आहे.

पाश्चात्त्यांकडे ‘चेंबर म्यूझिक’ नावाचा एक प्रकार आहे. चेंबर म्हणजे खोली. तिथे वादकांचा मोठा ताफा नसतो की हातात छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. तिघे-चौघे वादक जवळ जवळ बसतात. प्रत्येकाचे बोलणे निराळे, तरी एकमेकांचे ऐकल्यावाचून कोणाचेच चालत नाही. आपल्या बैठकीचे ते सख्खे नव्हे, पण चुलत भावंड म्हणायला हरकत नाही.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. बाँबच्या भीतीने नाटकगृहे आणि गायनवादनाची सभागृहे सरकारी हुकमाने बंद झाली. रात्री खिडकीतून दिव्याची तिरीप बाहेर पडली तरी तो गुन्हा! ट्राफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीतली अमोल चित्रे युद्धाच्या तोंडावर वेल्समध्ये हलवली होती. मागे उरल्या त्या ओक्याबोक्या भिंती. आणि शहरातले वादक एका रात्रीत बेकार झाले होते.

मायरा हेस या तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या नामांकित पियानोवादक. अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. तो त्यांनी रद्द केला. गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना त्या भेटल्या आणि म्हणाल्या, या रिकाम्या दालनांत अधूनमधून संगीत झाले तर? क्लार्कसाहेबांनी त्यांच्यापुढची उडी मारली : अधूनमधून कशाला, रोजच होऊ द्या!

ठरले. सोमवार ते शुक्रवार, भर दुपारी एक वाजता, तासाभराची मैफल. संध्याकाळी अंधारातून कोण येणार? त्यापेक्षा कचेरीतल्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीत यावे. तिकीट एक शिलिंग. पहिला दिवस १० ऑक्टोबर १९३९. चाळीस-पन्नास स्नेही आले तरी पुष्कळ झाले, अशी बाईंची अपेक्षा. आणि दाराशी शेकडो माणसांची रांग लागली! कोणी खुर्चीवर, कोणी जमिनीवर बसले, कित्येकांना परत जावे लागले. बाई स्वतः पियानोला बसल्या. त्यांनी बाख वाजवला, बेथोव्हन वाजवला. दोघेही जन्माने जर्मन! आकाशातून कोणत्याही घटकेला जर्मन विमाने येतील असा काळ. पण सूर शत्रूचे मानायचे नाहीत, हे या श्रोत्यांनी न सांगता मान्य केले होते.

सप्टेंबर १९४० पासून लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. तेव्हा मैफल तळघरात उतरली. खुद्द गॅलरीवरही बाँब पडले. एकदा इमारतीत न फुटलेला बाँब सापडला, म्हणून श्रोत्यांना दूरच्या दालनात नेले. तिथे बेथोव्हनची चौकडी रंगात आली असताना तो बाँब फुटला. वादकांनी हात थांबवला नाही.

पण मला याहून मोठी वाटते ती त्यांची रोकडवही. कलावंत जगप्रसिद्ध असो की कालचा पोर, मानधन सर्वांना सारखे, पाच गिनी. बाईंनी सुमारे दीडशे वेळा वाजवले आणि स्वतः एक पैसा घेतला नाही. उरलेली रक्कम गरजू वादकांच्या मदतनिधीत जात असे. दारापाशी स्वयंसेविका फराळाचे विकत. मध आणि मनुका घातलेले त्यांचे सँडविच लंडनभर गाजले. युद्धात पोटाला आणि मनाला दोन्ही लागते, हे त्या बायांनी ओळखले होते.

१० एप्रिल १९४६ रोजी शेवटची मैफल झाली. साडेसहा वर्षांत मैफली झाल्या १,६९८ आणि श्रोते आले ८,२४,१५२. हा आकडा वाचून आपण थक्क होतो. पण ध्यानात घ्या, पहिल्या दिवशी यातला एकही आकडा कोणापुढे नव्हता. पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम जाहीर करायचा, तो आठवडा उजाडेल की नाही हे ठाऊक नसताना जाहीर करायचा, एवढेच त्यांच्या हाती होते. तेवढे त्यांनी दर आठवड्याला केले.

हे सारे मी त्या दिवशी मंडळात सांगितले. आमचे वयोवृद्ध अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, डुलकी लागली. पण त्यांनी मध्येच विचारले, “मास्तर, त्या बाईंची अपेक्षा किती माणसांची होती म्हणालात?”

“चाळीस-पन्नास.”

“मग आपण सत्तावीसच्या खाली फार नाही,” ते म्हणाले. खजिनदार हसले. हसत हसतच त्यांनी वही पुन्हा उघडली आणि छपाईच्या खर्चाचा हिशेब मांडायला घेतला.

पत्रिका छापून आली आहे. पहिली बैठक मार्गशीर्षात, शनिवारी रात्री, शाळेच्या दालनात. साथीला आमचेच तबलजी. सतरंज्या मी स्वतः झटकून घालणार आहे. दाराशी माणसे मोजली जातील. मुलेही धरली जातील.