मानियागोचा खटक्याचा चाकू

इटलीच्या फ्रिउली प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या मानियागो गावी १४५३ साली निकोलो नामक सरदाराने कोल्वेरा प्रवाहाचे पाणी कालव्याने आणविले, आणि त्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या घणांनी जो लोहारी व्यवसाय भरभराटीस आला, त्याच परंपरेतून विसाव्या शतकात शिंगाच्या मुठीचा, कळ दाबताच पाते उसळून बाहेर येणारा निमुळता चाकू जगभर गेला. जुना नमुना त्याच्या मिटण्यावरून ओळखावा: पूर्वी पाते मिटण्यासाठी पाठीवरील पोलादी पट्टी एका बारीक जिभेने उचलावी लागे, पुढे पात्यालगतचे धातूचे बोंड कलते करताच अडसर सुटू लागला. मोडलेली कमान बदलणे क्षम्य आहे; परंतु काळवंडलेले पाते घासून लखलखीत करणे हा माझ्या मते अक्षम्य अपराध होय, कारण त्यात पात्याच्या मुळाशी उमटविलेली कारखान्याची मुद्रा झिजते आणि तिच्याबरोबर मूल्यही उतरते. अमेरिकेने १९५८ साली अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारास मनाई केली. इंग्लंडनेही पाठोपाठ १९५९ साली बंदीचा कायदा केला. म्हणून संग्राहकाने खरेदीपूर्वी आपल्या मुलखाचा कायदा अवश्य पाहावा.