सोलापूरचं ऊन आणि उथॉफसाहेब

आमच्या कंपनीत एमएस म्हटलं की अमेरिकेतली डिग्री. माझ्या आत्याचा एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं वेष्टण कुरतडते, वायरचं इन्सुलेशन सोलावं तसं. सोलापुरात मे महिन्यात चार पावलं चालली की तिला धूसर दिसायचं. "पडून राहा" हा सल्ला तिनं वर्षानुवर्षं ऐकला. पाय आखडत गेले.

हे आलं कुठून? १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी लिहिलं की, आपल्या शंभर रुग्णांपैकी चौघांची नजर श्रमानंतर मंदावते. दोष गेला श्रमाकडे. खरा दोषी होता उष्मा! वेष्टण गेलेल्या तंतूत, अंग जरासं तापलं तरी संदेश अडतो. अंग निवलं की पूर्ववत. (लॅपटॉप तापला की हँग होतो, तसंच की.) पण पुढे कित्येक दशकं रुग्णांना व्यायाम टाळायलाच सांगत राहिले...

१९९६ साली अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या पेटाजन वगैरे मंडळींनी ५४ रुग्णांवर प्रयोग छापला. एका गटानं १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी सायकल मारली. दम वाढला, ताकद वाढली, थकवाही काही काळ उतरला. आजार बरा झाला नाही, हेही खरंच. आपल्याकडे मुंबईत १९८५ पासून एमएस सोसायटी आहे. आमच्या घरी पत्ताच नव्हता.

असो. डॉक्टरांना विचारून आत्या आता पहाटे, उन्हं यायच्या आत, सिद्धेश्वर तलावाकाठी चालते. मानेवर ओला पंचा. सुट्टीत मीही जातो, तिच्या काठीच्या वेगानं.