कॉम्प्युटर शटडाऊनच होत नाहीये? बोर्डाचं बटण दाबण्याआधी हे वाचा

काम आटोपलं, शटडाऊनवर क्लिक केलं. स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरतायत, खाली 'शटिंग डाऊन' लिहिलंय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, बोर्डाचं बटणच बंद कर ना!" आणि खट्‌कन बटण बंद होतं.

हा उपाय बहुतेक वेळा चालून जातो, म्हणून तो घराघरात रुजलाय. पण एखाद्या दिवशी तो अंगाशी येतो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि आत मुलांच्या स्कॉलरशिपची कागदपत्रं, दुकानाचा हिशेब, लग्नाचे फोटो अडकलेले असतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न आणखी अवघड होतो. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे काम झालं नाही, तर सीपीयू उचलून सुमारे ६० किलोमीटरवर संभाजीनगर गाठायचं. म्हणजे अख्खा दिवस मोडला.

म्हणून आधी एक गोष्ट लक्षात घ्या. 'कॉम्प्युटर बंद होत नाही' हे एकच दुखणं नाही. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

शटडाऊन दाबल्यावर आत काय होतं?

रात्री दुकान बंद करताना दुकानदार लगेच शटर ओढत नाही. आधी गिऱ्हाईक बाहेर, मग गल्ल्याचा हिशेब, मग दिवे आणि शेवटी शटर. विंडोजचंही तसंच असतं. आधी ती प्रत्येक प्रोग्रॅमला 'आवरा आता' असा निरोप देते. मग पडद्यामागे चालणाऱ्या सेवा थांबवते, मेमरीत राहिलेली माहिती डिस्कवर लिहून घेते आणि सगळ्यात शेवटी वीज तोडायला सांगते. बोर्डाचं बटण दाबणं म्हणजे हिशेब अर्धवट असताना शटर ओढणं. डिस्कवर त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, ती खराब होऊ शकते.

दुखणं पहिलं: 'शटिंग डाऊन'वरच अडकतो

बहुतेक वेळा एखादा प्रोग्रॅम जागा सोडत नसतो. विंडोज काही सेकंद वाट बघते आणि कोणता प्रोग्रॅम अडवतोय त्याचं नाव दाखवते. तिथे घाईने 'शटडाऊन एनीवे' दाबू नका. आधी 'कॅन्सल' करून फाइल सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

नाव दिसत नसेल तर पुढच्या वेळी शटडाऊनआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क काढून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन नको असलेले प्रोग्रॅम डिसेबल करा.

स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं लिहिलं असेल, तर मात्र काहीही करू नका. जुन्या हार्डडिस्कवर याला तासभरही लागू शकतो. सीपीयूवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय, म्हणजे काम सुरू आहे.

दुखणं दुसरं: स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि दिवा चालूच

इथे पहिला संशय 'फास्ट स्टार्टअप'वर घ्या. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ही सोय आली. यात शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण झोपत नाही. स्वतःचा काही भाग डिस्कवर जपून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता येतं. जुन्या ड्रायव्हरशी तिचं जमलं नाही की गाडी मध्येच अडकते.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग शटडाऊनवर क्लिक करा. असं केलं की त्या वेळेपुरता पूर्ण शटडाऊन होतो. यात कॉम्प्युटर नीट बंद झाला, तर चोर सापडला. मग कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा आणि डावीकडचं 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा. वरच्या 'चेंज सेटिंग्ज' ओळीवर क्लिक करा, खालच्या 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा आणि सेव्ह करा. कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच.

दुखणं तिसरं: बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो

शटडाऊन होताना आत काही कोसळलं, तर विंडोज स्वतःच रीस्टार्ट करते आणि चूक आपल्याला दिसतच नाही. ती बघायची असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. पुढच्या वेळी एररचा पडदा तसाच थांबेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला तो फार उपयोगी पडतो.

आणि हो, दरवेळी दोष तुमच्या मशीनचाच असतो असं नाही. 'अपडेट अँड शटडाऊन' निवडूनही कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो, ही विंडोजमधली जुनी तक्रार होती. विंडोज ११ मधली ही चूक मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये सुधारली. पुढे १३ जानेवारी २०२६ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीवरची, मुख्यतः ऑफिसांमधली, काही मशीन्स बंद होण्याऐवजी रीस्टार्ट होऊ लागली. तेव्हा कंपनीला चारच दिवसांत तातडीचं अपडेट काढावं लागलं. त्यामुळे त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर सेटिंग्जमध्ये नवं अपडेट आलंय का ते आधी बघा.

दुखणं चौथं: शटडाऊनचं बटणच दाद देत नाही

स्टार्ट मेन्यू उघडत नसेल तर सगळ्या खिडक्या मिनिमाइझ करा, डेस्कटॉपवर क्लिक करा आणि ऑल्ट व एफ-४ एकत्र दाबा. शटडाऊनची चौकट येईल. तेही जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबा. उजव्या कोपऱ्यात खाली पॉवरचं चिन्ह दिसेल.

इथेही कधी कधी गडबड वरूनच होते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पुढच्याच महिन्यात अनेकांना 'हा कॉम्प्युटर बंद करायची तुम्हाला परवानगी नाही' अशा अर्थाचा संदेश दिसू लागला होता. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच मशीनवर!

काहीच चाललं नाही तर?

अपडेट चालू नाही, अर्धा तास वाट बघून झाली, माउस हलत नाही, डिस्कचा दिवाही थंड आहे. आता सीपीयूचं किंवा लॅपटॉपचं पॉवर बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा. सेव्ह न केलेलं काम यातही जातं, म्हणून हा शेवटचाच उपाय. बोर्डाचं बटण त्याच्याही नंतर.

आणखी दोन गोष्टी पाळा. वादळी वारं सुटलंय, लाइट ये-जा करतेय, अशा वेळी 'अपडेट अँड शटडाऊन' निवडू नका. घरचा यूपीएस साधारण काही मिनिटंच तग धरतो, अपडेटला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन ठेवा.

शेवटचं म्हणजे, इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका. समोरचा रिमोट अ‍ॅप टाकायला सांगतो आणि कॉम्प्युटर दुरुस्त होण्याऐवजी बँक खातं रिकामं होतं. असं झालंच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा. नंबर हवाच असेल, तर तो मशीनच्या बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.