गाडी उभी असताना बॅटरी कोण खातं? नवी घेण्याआधी हे तपासा

मे महिना, नशिराबाद-जळगावचं पंचेचाळिशीला टेकलेलं ऊन. लग्नाहून आलेली गाडी तीन-चार दिवस अंगणात उभी राहते आणि मग सेल मारला की नुसता ‘टक’ असा आवाज. धक्का मारून ती सुरू होते, बॅटरी गेली असं ठरतं, चार-पाच हजारांची नवी बसते. आठवड्याभरात पुन्हा तेच! अशा वेळी दोष बॅटरीचा नसून बंद गाडीत गुपचूप करंट खाणाऱ्या एखाद्या वस्तूचा असू शकतो. यालाच पॅरासायटिक ड्रेन म्हणतात.

थोडा करंट प्रत्येक आधुनिक गाडी खातेच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर यांना मिळून साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर लागतात. 50 धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर, म्हणजे 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवडे उभी राहूनही अर्धी शिल्लक असते. पण डिकीतला 5 वॅटचा दिवा चालू राहिला तर? दिवसाला 10 अँपिअर-अवर. दोन-तीन दिवसांत खेळ खलास.

आधी एक सोपी परीक्षा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तास थांबा आणि मल्टीमीटरने व्होल्टेज पाहा. 12.6 च्या आसपास हवं. आता 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्ह वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा तेवढाच असेल तर बॅटरी करंट धरून ठेवते आहे, संशय गाडीवर. वायर काढलेली असूनही 12.2 पर्यंत उतरला, तर मात्र बॅटरीच थकली आहे. आपल्याकडे हे लवकर होतं. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

संशय गाडीवर आला की मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल व काढलेली वायर यांच्या मधे जोडा. मीटर जोडलेला असताना सेल मारायचा नाही, इग्निशनही चालू करायचं नाही. मीटरचा फ्यूज उडतो. फ्यूज बॉक्स आत असेल तर दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दार लावल्यासारखं वाटेल. चावी दूर ठेवा. आणि मग थांबा. घाई इथेच नडते, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला 10 मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ घेतात. तोवर दिसणारा मोठा आकडा खोटा.

थांबूनही 100 मिलीअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे.

बहुतेकदा तो नंतर बसवलेल्या वस्तूंत सापडतो: थेट बॅटरीवरून जोडलेला टेप, डॅशकॅम, भाड्याच्या गाडीतला जीपीएस ट्रॅकर. टेपची वायर इग्निशनवर न घेता सरळ बॅटरीवर घेणं हा फार जुना शॉर्टकट आहे. ट्रॅक्टरवर गाणी लावायला बसवलेल्या ॲम्प्लिफायरचीही हीच गत. चिकटलेला रिले किंवा ग्लोव्हबॉक्सचा दिवा हे पुढचे संशयित. फास्टॅगवर मात्र शंका नको. नशिराबादच्या टोलनाक्यावर स्कॅन होणाऱ्या त्या स्टिकरचा तुमच्या बॅटरीशी काही संबंध नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर अल्टरनेटरचा डायोड गळत असू शकतो, कारण त्याची जाड वायर आतल्या फ्यूज बॉक्समधून जात नाही. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. त्याला तुमचा मिलीअँपिअरचा आकडा आणि कोणते फ्यूज तपासले ते सांगा. दुरुस्ती होईपर्यंत रात्री निगेटिव्ह वायर काढून ठेवली की सकाळी गाडी सुरू होईल, फक्त घड्याळ पुन्हा लावावं लागेल.