कोणताच पक्ष आपला नसतो तेव्हा

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांतून, वसतिगृहांतून आणि कॉलेजच्या कट्ट्यांवरून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : मत द्यायचे तरी कोणाला? एक पक्ष बाबासाहेबांची तसबीर घेऊन वस्तीत येतो आणि निवडून आल्यावर अत्याचाराच्या खटल्यात फिर्यादीच्या बाजूला फिरकत नाही. दुसरा पुरोगामी म्हणवतो, पण त्याच्या गावच्या पुढाऱ्याच्या मळ्यात आपली माणसे अजून पाणी वरूनच पितात. तिसरा आपलाच असतो, परंतु त्याचे तुकडे मोजता मोजता निवडणूक संपते. असा प्रश्न विचारणारा तरुण उदासीन नसतो. उदासीन माणूस प्रश्न विचारीत नाही. म्हणून मतदान हे पवित्र कर्तव्य आहे असे ऐकवून त्याला गप्प बसविणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होय. त्याला उत्तर द्यायचे तर आपल्याच चळवळीच्या इतिहासातून द्यावे लागेल, कारण हा प्रश्न आपल्यापुढे आज पहिल्यांदा उभा राहिलेला नाही.

मुळात हे मत आपल्या हाती कसे आले? १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन देताना त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. जमीनमहसूल, कर किंवा शिक्षण यांवर मताधिकार मोजण्याचा तो काळ होता. ज्याला जमीन घेऊ दिली नाही आणि शाळेत बसू दिले नाही, त्याला जमीन नाही व शिक्षण नाही म्हणून मतही नाही, असा तो न्याय होता. मत म्हणजे लायकीचे बक्षीस नव्हे. माणसांनी एकत्र कोणत्या अटींवर राहायचे हे ठरविण्यातला तो आपला वाटा आहे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. मत ही कोणाला दिलेली प्रेमाची पावती आहे असे त्यांनी कधी मानले नाही. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सारा घोळ तो विसरल्याने होतो.

आता 'कोणताच पक्ष आपला नाही' ही तक्रार घेऊ. तिचे मूळ केवळ पुढाऱ्यांच्या स्वार्थात आहे काय? ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती : एक स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्याचे आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही आपल्या दारात यावे लागले असते. त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे करार झाला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. परंतु दुहेरी मत गेले. प्राथमिक फेरीत आपण चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून अखेरचा एक सर्वांनी मिळून ठरवायचा, अशी रचना आली. स्वातंत्र्यानंतर ती प्राथमिक फेरीही राहिली नाही. उमेदवार आपल्या जातीचा, पण त्याचे भवितव्य दुसऱ्यांच्या मतांवर. अशा रचनेत जो निवडून येतो तो ज्यांच्या मतांनी येतो त्यांचेच मुख्यतः ऐकतो. तेव्हा कोणताच पक्ष पुरता आपला न वाटणे हा योगायोग नसून त्या रचनेचा परिणाम आहे. हे कळले म्हणजे निराशा कमी होते असे नाही, परंतु ती योग्य ठिकाणी रोखता येते.

या रचनेची पहिली किंमत खुद्द बाबासाहेबांनी मोजली. १९३७ साली मुंबई प्रांतात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची सोय होती. तिचा उपयोग शिस्तीने झाला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ही सोय नव्हती. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच दिली तर एक बाद होई. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवाद्यांशी समझोता केला होता. निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले होते आणि घटनेचे शिल्पकार सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले होते. बाद मतांचा आकडा होता ७४,३३३. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. राखीव जागेसाठीचे मत वाया घालवा, असा प्रचार कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने झाला, असा त्यातील आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. आरोप सिद्ध झाला नाही हे मान्य करूनही आकडा उरतोच. पराभवाच्या अंतराच्या पाचपट मते कुजली आणि त्या कुजलेल्या मतांचा लाभ मात्र कोणाला तरी झाला. वाया गेलेले मत रिकामे राहत नाही, हा या निकालाचा धडा आहे.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तोच पेच पुन्हा आला. तिथेही दोन मते, तिथेही अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे राखीव जागेवर बाबासाहेबांचा मार्ग सुकर होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. आपण पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असे सांगणार नाही, असे ते म्हणाले, अशी आठवण त्या काळात त्यांच्या सोबत वावरलेल्यांनी नोंदवून ठेवली आहे. मेहता निवडून आले, बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी पडले. हा भोळेपणा होता काय? मला तसे वाटत नाही. ज्या समाजाला मत मिळून जेमतेम चार वर्षे झाली होती, त्याला मत कुजविण्याची सवय लावली तर उद्या ती सवय त्याच्याच विरुद्ध वापरली जाईल, हे १९५२ ने त्यांना दाखवून दिले होते.

मग युती कोणाशी करावी? फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात याचे उत्तर नकारापासून सुरू होते. हिंदुमहासभा व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्याशी नाही, आणि संसदीय लोकशाही मोडू पाहणारा म्हणून कम्युनिस्ट पक्षाशीही नाही. या यादीशी कोणाचा मतभेद असू शकेल. १९५७ साली फेडरेशनच संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांच्या शेजारी बसली. परंतु त्या वेळीही मागणी एक होती, लेखी होती आणि मोजता येण्याजोगी होती. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि त्याच सुमारास राज्यापुरत्या का होईना, बौद्धांना सवलती लागू झाल्या. याच्या उलट १९६७ साली जिल्हा परिषदांसाठी रिपब्लिकन पक्षातील गायकवाड गटाने काँग्रेसशी युती केली. तिच्यातून जागा मिळाल्या, पण कशाच्या बदल्यात मते दिली हे वस्तीतल्या माणसाला सांगता येत नव्हते. ज्या दादासाहेबांच्या हाकेला ओ देऊन १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली, त्यांच्याच पक्षाचे मत पुढे जागावाटपाचे नाणे झाले. फरक दोन युत्यांतल्या भागीदारांचा नाही. फरक मागणी असण्याचा आणि नसण्याचा आहे.

या नाराजीतूनच १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. ब्राह्मणगावची विटंबना आणि बावड्याचा बहिष्कार ताजे होते, आणि सत्तेतल्या आपल्या म्हणविणाऱ्यांची तोंडे बंद होती. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईतील लोकसभेची पोटनिवडणूक आली. पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीची सभा उधळली गेली, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आले आणि भागवत जाधव शहीद झाले. शिवसेनेचा पाठिंबा असलेले काँग्रेसचे रामराव आदिक पडले. आपले मत गृहीत धरणाऱ्यांना पहिल्यांदा कळले की ही मते नसली तर काय होते. हे यश खरे होते. ते का मिळाले? तो नकार एकट्याचा नव्हता. सभेत जाहीर केलेला होता, त्याला कारण होते, आणि तो नेमक्या एका मतदारसंघात नेमक्या एका उमेदवाराला भोवणारा होता.

तरीही इतिहास अर्धा सांगू नये. त्या निवडणुकीत निवडून कोण आले? कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांच्या कन्या. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मते कुजविल्याचा आरोप झाला, त्यांच्याच घरी आपल्या नकाराचे फळ गेले. यात रोझाताईंचा दोष नाही. त्या लढल्या आणि जिंकल्या. परंतु नकारानंतर काय, याची तजवीज आपल्याकडे नव्हती. त्याच वर्षी पँथरमध्ये फूट पडली.

आज बहिष्कार पुकारण्याचीही गरज उरलेली नाही, असे काहींना वाटते. सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आले, म्हणजे ज्याला आपण 'नोटा' म्हणतो ते. त्यापूर्वी मत नाकारायचे तर केंद्रावरच्या नोंदवहीत तसे लिहून घ्यावे लागे आणि गुप्तता जाई. ती राखली गेली, हे चांगलेच झाले. पण विधानसभा-लोकसभेत या बटणाने निकाल बदलत नाही. त्याला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' २७ हजारांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आले. त्यामुळे काय बदलले? राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा नियम केला, तेवढी एक खिडकी उघडी आहे. शिवाय मते केंद्रनिहाय मोजली जातात. माणसाचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. कोणत्या केंद्रावर कोणाला किती, हे दुसऱ्या दिवशी गावच्या पारावर माहीत असते. म्हणजे नकाराची किंमत वस्ती मोजणारच आहे. मग तो नकार मुका कशासाठी ठेवायचा?

माझे वडील मतदानाच्या दिवशी अंगठा उठवून मत देत. कोणता पक्ष आवडतो असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. त्यांचा प्रश्न वेगळा असे : यातला कोण आला तर आपल्याला गावात राहणे कठीण होईल? आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. पुस्तके वाचल्यावर मला त्यांचा प्रश्न लहान वाटायला हवा होता, पण इतिहास जितका वाचला तितका तो मोठा होत गेला. १९५१ च्या जाहीरनाम्यातले युतीविषयीचे उत्तरही त्याच प्रश्नाला धरून आहे.

तेव्हा विचारणाऱ्या तरुणाला माझे सांगणे एवढेच. आपला पक्ष शोधू नका. या घडीला तो नसेल. प्रथम, ज्याच्या येण्याने घटना, मताधिकार आणि अत्याचाराविरुद्ध फिर्याद देण्याची हिंमत धोक्यात येईल त्याला यादीतून काढा. उरलेल्यांपुढे वस्तीची मागणी लेखी ठेवा, दोनच असू देत, पण पाच वर्षांनी तपासता येतील अशा : गायरान, स्मशानभूमी, पाणी, शिष्यवृत्ती, रखडलेला खटला. जो त्यांतले अधिक मान्य करील आणि ज्याला निवडून येण्याची शक्यता आहे, त्याला मत द्या. मत दिले म्हणून त्याचे झेंडे मात्र खांद्यावर घेऊ नका. आणि सगळेच नालायक ठरले तर नकार द्या, पण सभा घेऊन, कारण सांगून, सगळ्यांनी मिळून द्या, आणि दुसऱ्या दिवशी काय करायचे ते आदल्या दिवशी ठरवून द्या. एकट्याने गुपचूप दाबलेले बटण मोजले जाते, ऐकले जात नाही.

मत हे आपले सगळे राजकारण नव्हे. चवदार तळ्यावर जाताना महाडला जमलेल्यांपैकी बहुतेकांना मत नव्हते. परंतु ज्यांना मत नव्हते त्यांनी ते मिळवून आपल्या हाती दिले. ते कोणाच्या पदरात टाकायचे यावर आपण भांडू. ते वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार मात्र त्यांनी आपल्याला दिलेला नाही.