आईचा प्रश्न

परवा भाचा जर्मनीहून चुडाव्यास आला आणि ओसरीवर बिअरची बाटली ठेवून म्हणाला, "मामा, ही गव्हाची!" आजीने, म्हणजे माझ्या आईने, लगेच विचारले, "गव्हाची? मग खायला काय उरलं त्यांना?"

मी घोटभर चाखली. आधी लवंग, मग पिकले केळे, शेवटी खरपूस पोळीची चव. रंग भाजलेल्या मोडधान्याचा. लवंग-केळ्याचा वास मात्र यीस्टची किमया.

आईचा प्रश्न जुनाच आहे. बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरला जव, हॉप्स व पाणी एवढेच ठरवून दिले. गहू पावासाठी राहावा, हा त्यातला एक हेतू मानतात. तरी डेगेनबेर्ग घराण्याला गव्हाच्या बिअरची सनद होतीच. ते निर्वंश होताच, १६०२ मध्ये, ड्यूक पहिल्या माक्सिमिलियानने तो मक्ता स्वतःकडे घेतला आणि खजिना भरला. प्रजेला बंदी, राजाला मक्ता! १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने हा हक्क मिळविला, तेव्हा कोठे मक्ता सैलावला.

आपल्याकडे २००७ साली ज्वारी-बाजरीपासून मद्य काढणाऱ्या कारखान्यांना सरकारने सवलती देऊ केल्या, तेव्हाही भाकरी की पेला, हा वाद पेटलाच. बिअर चवदार होती, वाचकहो. पण आईला उत्तर मला देता आले नाही.