‘इतर कारणें’ या रकान्यांतील रोग

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा पाश्चात्त्य सुखवस्तु समाजाचा रोग असून आमच्या वऱ्हाडाशीं त्याचा फारसा संबंध नाहीं, असें सुशिक्षितही सांगतात. या समजुतीचें मूळ रोगांत नसून आयुर्मर्यादेंत आहे.

लंडनच्या जॉन अॅडम्स या शस्त्रवैद्यानें १८५३ सालीं या रोगाचें सूक्ष्मदर्शकानें केलेलें निदान प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानेंही तो अत्यंत दुर्मिळ ठरविला. परंतु त्या काळीं वार्धक्यच दुर्मिळ होतें! वाढतें वय हें या रोगाचें पहिलें कारण. साठीच्या आंत तो त्यामानानें कमी आढळतो. आणि आमच्याकडे साठी गांठणार कोण? यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी या नांवानें ओळखला जाई. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळलें. १८९१ ते १९०१ या दशकांत त्याची लोकसंख्या उलट घटली. पुढें १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. १९११-२१ या दशकांत हिंदुस्थानचें सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतें. या सरासरींत बालमृत्यूंचा वांटा मोठा, हें खरें. तरी वृद्ध थोडेच उरत.

जे उरत त्यांचें काय होई? बाल्टिमोरच्या अर्नोल्ड रिच यांस १९३५ सालीं पन्नाशीपुढील पुरुषांच्या शवविच्छेदनांत शेंकडा सुमारें १४ जणांत हा कर्करोग निपचित पडलेला आढळला. आमच्याकडे शवविच्छेदन कसलें! सरकारी मृत्युनोंदींत पटकी, देवी, ताप, हगवण असे रकाने असत; बाकीचें सर्व ‘इतर कारणें’ या एका रकान्यांत जाई.

दुसरें मोठें कारण आनुवंशिक आहे. पित्यास वा भावास हा रोग झाला असल्यास धोका सुमारें दुप्पट होतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांतही तो अधिक असतो. आहाराविषयींचा पुरावा मात्र तितका पक्का नाहीं. आमच्या खर्र्यास तोंडाच्या कर्करोगाबद्दल द्यावा तितका दोष थोडाच. परंतु येथें मुख्य आरोपी तो नव्हे.

कर्करोगाची लोकसंख्यानिष्ठ नोंद मुंबईंत १९६३ सालीं व ग्रामीण भागांत बार्शीस १९८७ सालीं सुरू झाली. आज यवतमाळचा शेतकरी सत्तरी ओलांडतो, आणि लघवीच्या तक्रारीसाठीं गेला असतां डॉक्टर त्यास विचारतात, “वडील कशानें गेले?” तो सांगतो, “म्हातारपणानें.”